घेऊन जा गे मारबत, पण नेणार कुठं?

उन्हाळ्यात नागपूरच्या नंदनवन, वाठोडा, पारडी या बाजूला राहणाऱ्याला भांडेवाडीच्या डंपिंग यार्डाला आग लागली हे पेपर वाचून कळत नाही, नाकानं कळतं. रात्री कूलर सुरू असतो, कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो, आणि दीड-दोन वाजता खसच्या वासाऐवजी खोलीभर जळक्या पन्नीचा, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांचा, वास भरतो. कूलर बंद करावा तर दिवसभर 45 डिग्रीत तापलेल्या भिंती झोपू देत नाहीत, सुरू ठेवावा तर लहान पोरगी खोकत उठते. मागे एकदा अशीच रात्र बायकोनं आणि मी पोरीला आळीपाळीनं मांडीवर घेऊन बसून काढली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा नीट जाणवलं की हा धूर कुठल्या फॅक्टरीचा नाही, कोण्या तिसऱ्याचा नाही, यात आपल्याच घरची भाजीची देठं आहेत, आपल्याच दुधाच्या पिशव्या आहेत, सकाळी गाडीत टाकून जे विसरून गेलो ते रात्री परत घरात आलं.

तान्ह्या पोळ्याला आपण काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत काढतो आणि शेवटी जाळतो. इडा पिडा, रोगराई, खोकला सगळं घेऊन जा गे मारबत म्हणून गळा फाटेस्तोवर ओरडतो. शंभराच्या वर वर्षं झाली या प्रथेला, मला लहानपणापासून ती फार आवडते. पण कचऱ्याच्या बाबतीत आपण रोजच मारबत काढून राहिलो असं मला वाटतं. गाडीचं गाणं ऐकू आलं की डबा उपडा करायचा, घेऊन जा म्हणायचं, वेशीबाहेर गेलं म्हणजे संपलं. फक्त भांडेवाडी आता वेशीबाहेर राहिलेली नाही, तिला लागून माणसं राहतात, त्यांची पोरं शाळेत जातात, त्यांच्या बोअरचं पाणी त्याच जमिनीतून येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कचरा सडणं हे वाईट नाही, कचरा कालवणं वाईट आहे. ओलं आणि सुकं एकत्र कालवलं की दोन्ही वाया जातं, आणि ते कालवण्याचं काम आपल्या किचनमध्ये, सिंकखालच्या एका डब्यात होतं. भांडेवाडीला जे दिसतं ते त्याचंच मोठं रूप.

संत्र्याचं साल घ्या, आपल्याकडं त्याला काय तोटा. हेच साल हवा मिळेल अशा ठिकाणी टाकलं की त्याला बुरशी आणि बॅक्टेरिया खायला लागतात. ते आपल्यासारखेच ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडतात, आणि उष्णता बाहेर पडते. ढीग पुरेसा मोठा असेल तर त्याचं पोट 55-60 डिग्रीपर्यंत तापतं, एवढ्यात रोगाचे जंतू आणि तणाचं बी दोन्ही मरतात. दोन-तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत होतं. आमच्या गॅलरीत एक जुना प्लास्टिकचा ड्रम आहे, त्याला मी तापवलेल्या सळईनं चारी बाजूंनी भोकं पाडली आहेत. डिसेंबरात सकाळी झाकण काढलं की वाफ वर येते, हात वर धरला तर ऊब लागते, आत सालांवर पांढरी जाळी धरलेली दिसते. लिंबू-संत्र्याची सालं जरा हट्टी असतात, त्यांच्या तेलानं सुरुवातीला बॅक्टेरिया दबकून असतात, म्हणून बारीक तुकडे करून टाकायची. आणि शेवटी खत तयार झालं की त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. उगाच वाटतं असं नाही, मातीतले जे बॅक्टेरिया पावसाच्या त्या वासामागं असतात तेच या ड्रममध्येही काम करत असतात.

आता तेच साल पन्नीत घालून गाठ मारा. वर दाळ-भाजीचं खरकटं, मधे चिप्सचं पाकीट, एखादा सेल, आणि ही पन्नी दहा-वीस फूट ढिगाखाली दाबून टाका. हवा संपली. मग दुसऱ्या जातीचे बॅक्टेरिया कामाला लागतात, ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही. ते आधी आंबवतात, गाडीजवळून जाताना जो आंबूस घाण वास येतो तो हाच, आणि पुढं मिथेन करतात. डंपिंग यार्डातून निघणाऱ्या गॅसमध्ये साधारण निम्मा मिथेन असतो. हाच मिथेन गावाकडं गोबर गॅसच्या टाकीत पकडला तर त्याच्यावर पोळ्या होतात, आणि मोकळा सोडला तर 100 वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट जास्त वातावरण तापवतो, 20 वर्षांचाच हिशेब धरला तर 80 पटीच्या आसपास. वर मे महिन्याचं ऊन, आत पेटणारा गॅस आणि मधे सगळी पन्नी, मग आग लागली तर नवल काय. आणि ती आग वरची नसते, आत धुमसत असते, अग्निशमनचे बंब वरून पाणी मारतात ते खालपर्यंत पोचत नाही, म्हणून धूर दिवसेंदिवस चालतो. पावसाळ्यात याच ढिगातून काळं पाणी पाझरतं, सेल-ट्यूबलाइटमधलं जे काही असेल ते सोबत घेऊन जमिनीत जातं. आपली नाग नदी पूर्वेकडं पारडीवरून पुढं कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसेखुर्द धरण आहे. म्हणजे नागपूरनं नदीत सोडलेलं भंडाऱ्याकडच्या माणसाच्या वाट्याला येतं.

एक गोष्ट मात्र बऱ्याच लोकांना माहीत नसते, मलाही नव्हती. दाबून ठेवलेल्या ढिगात बऱ्याचदा धड सडतही नाही. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथजी नावाचे पुरातत्त्व शास्त्रज्ञ होते, त्यांनी 1973 मध्ये लोकांच्या कचऱ्याचा अभ्यास सुरू केला आणि पुढं जुनी डंपिंगची ठिकाणं खोदली, जशी आपण जुनी शहरं खोदतो तशी. आत काय सापडलं, तर कित्येक वर्षांपूर्वीचे पेपर, सरळ वाचता येतील असे, इतके की कोणता थर कोणत्या साली पडला हे त्यांनी पेपरवरच्या तारखेवरून ठरवलं. खाण्याचे पदार्थसुद्धा ओळखू येत होते. म्हणजे कागद "विरघळून जातो" म्हणून आपण निवांत असतो तो कागद हवा-पाणी नसेल तर जसाच्या तसा बसून राहतो. वस्तू सडेल की नाही हे फक्त वस्तूवर नसतं, ती कुठं आणि कशाच्या शेजारी पडली यावरही असतं.

व्हॉट्सॲपवर तो एक तक्ता फिरत असतो ना, केळीचं साल इतके आठवडे, कागद इतके महिने, प्लास्टिकची बाटली 450 वर्षं. त्या तक्त्याबद्दल माझी तक्रार हीच आहे. केळीचं साल माझ्या ड्रममध्ये मे महिन्यात तीन आठवड्यांत दिसेनासं होतं आणि गाठ मारलेल्या पन्नीत महिनोन्महिने काळा लगदा होऊन राहतं. आणि 450 वर्षं कोणी मोजली? बेकेलाइट 1907 चं, पन्नीचं पॉलिथिन 1933 मध्ये सापडलं. शंभर वर्षंही झाली नाहीत त्याला. ते आकडे म्हणजे अंदाज आहेत. खरं असं आहे की प्लास्टिक सडतच नाही, उन्हानं ठिसूळ होतं, तुटतं, त्याचे बारीक बारीक कण होतात आणि ते कण तसेच राहतात, मातीत, पाण्यात, गाईच्या पोटात. गच्चीवर ठेवलेली पन्नी वर्षभरानं हातात घेतली की चुरा होतो, आपल्याला वाटतं गेली. गेली नाही, फक्त उचलता येणार नाही अशी झाली.

आमचे आजोबा काटोलकडचे, संत्र्याची बाग होती. घरामागं उकिरडा. शेण, गोठ्यातलं गवत, चुलीची राख, भाजीचं सगळं तिथं, आणि पावसाळ्याआधी बंडीत भरून शेतात. त्या उकिरड्यात पन्नी नव्हती हा त्यांचा काही मोठेपणा नव्हता, घरात पन्नी आलीच नव्हती तेव्हा. पण आपल्या विदर्भातच याचं शास्त्र करणारा माणूस होऊन गेला, पुसदचे पांढरीपांडे, लोक त्यांना नाडेपकाका म्हणायचे. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच विटांचं टाकं बांधायचं, भिंतीत मुद्दाम भोकं सोडायची, आत पालापाचोळा, थोडं शेण, थोडी माती असे थर द्यायचे, वरून लिंपून टाकायचं, तीन-चार महिन्यांत खत. थोड्या शेणात भरपूर खत. यातली सगळी युक्ती त्या भोकांत आहे. हवा आत गेली पाहिजे. देशभर शेतकरी ज्याला नाडेप खत म्हणतात ते आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून गेलेलं आहे आणि आपण नागपुरात सोसायटीच्या मीटिंगमध्ये खताचा ड्रम म्हटलं की वास येईल म्हणून हात वर करतो. वास खताचा येत नाही, कोंडल्याचा येतो.

आता सुक्याकडं येतो. आमच्या भागातल्या कबाडीकडं मी एका रविवारी रद्दी द्यायला गेलो आणि पाऊस लागला म्हणून तासभर तिथंच बसलो. त्याचा माणूस प्लास्टिक वेगळं करत होता, हातात घेऊन दाबायचा, कानाजवळ चुरगाळायचा, नखानं ओरखडा काढायचा, आणि बरोब्बर त्या त्या चुंगडीत फेकायचा. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक वेगळं आणि झाकणाचं वेगळं असतं हे मला त्यानं दाखवलं, बादलीत टाकलं तर बाटलीचा तुकडा बुडतो, झाकण तरंगतं. एकत्र वितळवलं तर माल खराब होतो. माझ्या चुंगडीतला पुठ्ठा त्यानं उचलला, खालून ओला होता, भाजीचा रस लागलेला. बाजूला ठेवून म्हणाला, "याचं काही नाही येत जी, हे सडलं." एवढा मोठा फ्रिजचा पुठ्ठा, वर्षानुवर्षं वाढलेल्या झाडाचा, आणि एका टोमॅटोच्या रसानं तो शून्य झाला. मी तेव्हापासून घरात दोन डबे नाही, दोन वेगळ्या जागाच केल्या.

रिसायकलिंग का करायचं याचं कारण लोक "पर्यावरणासाठी" एवढं एकाच शब्दात सांगतात, ते खरं असलं तरी त्यानं कोणाच्या हाताला काही लागत नाही. हिशेब वस्तूगणिक वेगळा आहे. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, फुटकं भांडं वितळवून परत ॲल्युमिनियम करायला खाणीतल्या बॉक्साइटपासून करायला लागते त्याच्या 5 टक्के वीज पुरते, 95 टक्के वाचते. आणि नागपूरकराला वीज म्हणजे काय हे सांगायला नको, कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख आपल्याच उरावर आहे. काच कितीही वेळा वितळवा, तशीच राहते. कागदाचा धागा दरवेळी आखूड होत जातो, पाच-सात वेळा चालतो, मग दम संपतो. पाण्याच्या बाटलीचा बहुतेक वेळा धागा होतो, उशीतला कापूस होतो, परत बाटली क्वचितच.

म्हणून मी असं म्हणणार नाही की रिसायकल केलं म्हणजे वाट्टेल तेवढं प्लास्टिक वापरा. 1950 पासून 2015 पर्यंत जगात जमलेल्या प्लास्टिक कचऱ्याचा जो हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला तो 630 कोटी टनांचा होता, त्यातलं 9 टक्के रिसायकल झालं, 12 टक्के जाळलं, बाकी सगळं कुठं ना कुठं पडून आहे. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असे चिकटवलेले असतात की ते सुटे करण्याचा खर्च मालापेक्षा जास्त, कबाडी त्याला हात लावत नाही.

आणि खर्ऱ्याची पन्नी. हे आपलं खास नागपूरचं दुखणं, याबद्दल मला मनापासून चीड आहे. सुपारी, तंबाखू, चुना त्या झिरझिरीत पन्नीत घोटायचं, तोंडात टाकायचं, पन्नी तिथंच सोडायची. पानठेल्यासमोरची नाली पहा एकदा. राज्यानं 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आणली, केंद्रानं 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या वस्तूंची यादी करून बंद केली, 2022 च्या शेवटापासून कॅरीबॅग 120 मायक्रॉनच्या खाली नको असा नियम आहे, आणि खर्ऱ्याच्या पन्नीला यातलं काहीच लागल्याचं ठेल्यावर दिसत नाही. कचरा वेचणारी बाई ती उचलत नाही, उचलणार कशी, किलोभर व्हायला हजारो पन्न्या लागतील, दिवसभर वाकून चहाचेही पैसे सुटणार नाहीत. जी वस्तू उचलून कोणाचं पोट भरत नाही ती रस्त्यावरच राहते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी लोकांच्या घरात शिरली, तेव्हा पाणी ओसरल्यावर मी तिकडं एका नातेवाइकांकडं चिखल काढायला गेलो होतो. कंपाउंडच्या जाळीला पन्न्या अशा गुंडाळल्या होत्या की जाळीतून पलीकडचं दिसत नव्हतं. पूर काही पन्नीमुळं आला नाही, पाऊसच तेवढा झाला, पण पाण्याला जायला जागा हवी होती तिथं आपण काय भरून ठेवलं होतं ते त्या जाळीवर लटकत होतं.

आता सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो खोटा नाही. "आम्ही वेगळा करतो हो, पण गाडीवाला एकत्रच टाकतो." टाकतो. आमच्या गल्लीत येणारी गाडी महिनोन्महिने माझ्यासमोर दोन्ही डबे एकाच खणात उपडे करायची. मी विचारलं तर म्हणे मधला पत्रा तुटला. तक्रार केली, पत्रा बसला, परत तुटला. राग येतो, आणि ज्याला राग येतो त्याला मी चुकीचं म्हणणार नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरोघरी ओला, सुका आणि घातक असा तीन भागांत कचरा वेगळा करायची जबाबदारी आपल्यावर टाकली, मग घेणाऱ्यानंही तो वेगळाच घ्यायला पाहिजे, यात सवलत नाही. माझ्या मते ओल्याची गाडी रोज आणि सुक्याची आठवड्यातून दोन दिवस असं सरळ वेगळं केलं तर कालवायला जागाच उरत नाही. आणि कॉन्ट्रॅक्टचे पैसे नुसत्या वजनावर देणं कुठंही बंद झालं पाहिजे, कारण वजनावर पैसे असले की ओलं-सुकं-माती सगळं एकत्र दाबलेलं परवडतं.

पण गाडीवाला सुधारेपर्यंत थांबायचं का? मी थांबलो नाही त्याचं कारण साधं आहे. ओला घरातच जिरवला तर त्याला कालवायला माझ्याकडून काही मिळतच नाही. घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलाच असतो. तो निघाला की उरलेलं कोरडं राहतं, त्याला वास येत नाही, आठवडाभर गॅलरीत ठेवा, कबाडी आनंदानं नेतो. गाडीत मग जातं काय तर पॅड, डायपर आणि चिल्लर. तेही पेपरात गुंडाळून वर लाल पेनानं खूण करून द्यावं, कारण ते शेवटी कोण्या माणसाच्या हातात येतं, बहुतेक वेळा बाईच्या, आणि हातमोजा नसतो. फुटकी काच आणि ब्लेडही तसंच. माझ्या डोळ्यांसमोर एका मावशीचा तळहात ट्यूबलाइटच्या काचेनं चिरलेला आहे, तिनं तो ओढणीनंच बांधला आणि पुढच्या घरी गेली.

कोणी म्हणतं मोठं मशीन येईल, कचऱ्यापासून वीज होईल, गॅस होईल, आपण कशाला डबे मांडत बसायचे. येऊ द्या मशीन, माझा विरोध नाही. पण आपला कचरा निम्मा ओला, तो जाळायला गेलं तर आधी त्यातलं पाणीच उकळत बसावं लागतं. आणि गॅस करायचा तर त्यात पन्नी आणि काच नको. म्हणजे कोणतंही मशीन आणा, पहिला प्रश्न तोच विचारणार, वेगळं केलं का?

आणि नागपूरला हे जमणार नाही असं कोणी म्हटलं की मला त्याच भांडेवाडीकडं बोट दाखवावंसं वाटतं. तिथंच सांडपाण्याचा प्रकल्प आहे, आपल्या संडास-बाथरूमचं पाणी साफ करून कोराडीच्या वीज केंद्राला देणारा, दिवसाला 130 दशलक्ष लिटरचा. तेवढं धरणाचं पाणी वाचतं. देशातली किती शहरं हे करतात? ज्या शहरात 1958 पासून वर्धा रोडवर नीरीसारखी पर्यावरण संशोधन करणारी संस्था आहे, ज्यानं सांडपाण्याला किंमत आणून दाखवली, त्याला भाजीच्या देठांचं अवघड जावं हे मला पटत नाही. सांडपाणी जमलं कारण ते वेगळ्या पाइपातून येतं. घनकचऱ्याचा पाइप म्हणजे आपण आहोत. घराघरांत वेळ लागेल हे मान्य, पण कॉटन मार्केट आणि कळमन्याच्या बाजारात रोज कोबीचा पाला, फुलकोबीची देठं, सडकी संत्री ढिगानं पडतात, एकाच ठिकाणी, कोणाला समजावायची गरज नाही, तिथून वेगळी गाडी थेट खताला किंवा गॅसला गेलीच पाहिजे. सुरुवात तिथून करा.

आमच्या गल्लीत कडुनिंब भरपूर आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानझड झाली की सकाळी झाडणाऱ्या मावशी पाला ढीग करून पेटवायच्या, कारण उचलून नेणार कोण. आणि माझ्या ड्रमचं अडत होतं त्याच पाल्यावाचून. नुसतं किचनचं टाकलं की ओलं होऊन चिखल होतो, पाणी सुटतं, वास मारतो. एक भाग ओलं तर वर तेवढाच किंवा जास्त सुका पाला पाहिजे, तेव्हा हवा खेळते. एक दिवस मी खाली जाऊन म्हटलं, मावशी, हा जाळू नका, मला द्या. त्या झाडू टेकवून बघतच राहिल्या. "पालापाचोळा काहून पाहिजे जी तुम्हाले?" मी त्यांना वर बोलावलं, ड्रम दाखवला. त्यांनी मूठभर खत हातात घेतलं, नाकाजवळ नेलं, चोळलं, म्हणाल्या हे तं आमच्या शेतातल्यासारखं आहे. दोन वर्षं झाली, पानझडीत गेटला दोन चुंगड्या टेकवलेल्या असतात. यंदा समोरच्या काकूंनीही ड्रमला भोकं पाडून घेतली, तेव्हा मावशींनी तिसरी चुंगडी सुरू केली.